अल्लादिया खांचा गेलेला आवाज

उस्ताद अल्लादिया खां 1946 च्या मार्चमध्ये मुंबईत वारले, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. आपल्याकडे ग्रामोफोनसाठी गाणं मुद्रित व्हायला सुरुवात झाली ती 1902 मध्ये. म्हणजे खांसाहेबांच्या हयातीतली चार दशकांहून अधिक वर्षं ध्वनिमुद्रणाची सोय होती. त्यांच्या शिष्यांच्या तबकड्या निघाल्या, समकालीनांच्या निघाल्या. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र कुठेच शिल्लक नाही. ज्यांना लोक संगीतातला गौरीशंकर म्हणत, ते नेमके कसे गात होते हे आपण आज ऐकू शकत नाही.

त्यांच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, ते मुख्यतः दोन वाटांनी आलेलं. एक, आयुष्याच्या अखेरीस त्यांनी नातू अजीजुद्दीन खां यांना सांगितलेल्या आठवणी. दुसरी, गोविंदराव टेंबे यांनी मराठीत लिहिलेलं चरित्र. टेंबे कोल्हापूरचे, स्वतः उत्तम पेटीवादक आणि खांसाहेबांच्या सहवासात वाढलेले. या दोन्ही वाटांनी एक हकीकत हमखास भेटते. कोल्हापूरला येण्यापूर्वी, ऐन उमेदीत, खांसाहेबांचा आवाज गेला होता. संगीताच्या इतिहासात ही हकीकत दोन ओळींत उरकली जाते, कारण पुढे गायकी मोठी झाली. मला त्या दोन ओळींवरच थांबायचं आहे.

कारण सांगतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारे मित्र अलीकडे एक गोष्ट वारंवार सांगतात. वर्षातून एकदा कंपनीत प्रशिक्षक येतो. ‘रेझिलियन्स’, ‘इमोशनल रेग्युलेशन’ असे शब्द पडद्यावर येतात. ताण आला तर खोल श्वास घ्या, राग आला तर दहा अंक मोजा, नकारात्मक विचार करू नका. दुपारी जेवण, चारला प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पाळी, तोच टार्गेटचा तगादा. मित्र हसत सांगतात, पण त्या हसण्यात वैताग असतो. त्या प्रशिक्षणातली उदाहरणं कुठून कुठून आणलेली असतात. ज्या शहरात हे चालतं, त्याच शहरात कामावर कोसळलेलं संकट पेलून सत्तावीस वर्षं नोकरी करणारा एक माणूस होऊन गेला, याची आठवण कुणी करून देत नाही.

आवाज हेच हत्यार

अल्लादिया खांचा जन्म 1855 चा, आजच्या राजस्थानातल्या उनियारा या छोट्या संस्थानातला. घराणं मूळचं अतरौलीचं, धृपदियांचं. आपले पूर्वज गौड ब्राह्मण होते, अशी या घराण्याची सांगी आहे. वडील ख्वाजा अहमद खां लवकर गेले. पुढची तालीम चुलते जहांगीर खां यांच्याकडे झाली. आधी धृपद आणि मग ख्याल, अशी ती वर्षानुवर्षांची तालीम. त्या काळात उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातले गवई नोकरीसाठी संस्थानं धुंडाळत. तरुण अल्लादिया खांही तसेच फिरले आणि माळव्यातल्या आमलेटा संस्थानात पोहोचले.

दरबारी गवयाची नोकरी म्हणजे काय, हे आजच्या वाचकासाठी थोडं उलगडून सांगायला हवं. लेखी करार, कामाचे तास, रजेचा हक्क असलं काही नव्हतं. धन्याची मर्जी हीच नोकरी. बोलावणं आलं की गायचं, पुरे म्हणेपर्यंत गायचं. गवयाचं हत्यार म्हणजे त्याचा गळा. सुताराचा रंधा मोडला तर दुसरा घेता येतो. गळ्याचं तसं नाही.

आमलेट्यात खांसाहेबांचा छळ झाला असं नाही. उलट फार कौतुक झालं. गाणं आवडलं, म्हणून पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटलं, आणि खांसाहेब गात राहिले. अतोनात गाण्याने आवाज बसला, आणि तो नेहमीसारखा दोन दिवसांत सुटेल असा बसला नव्हता. कौतुकानेही माणूस मोडतो, हे इथे ध्यानात घेण्यासारखं आहे. कुठल्याही कचेरीत बघा. जो काम चोख करतो, त्याच्याच टेबलावर आणखी फायली येऊन पडतात. त्यालाही नाही म्हणवत नाही, कारण त्याच्यावर भरवसा टाकलेला असतो. कामचुकाराला थकवा येत नाही. मोडतो तो मन लावून काम करणारा.

दोन वर्षं

सुमारे दोन वर्षं खांसाहेबांना धड गाता येत नव्हतं. त्यांचं वय तेव्हा चाळिशीच्या आत होतं. पाठीशी कुटुंब होतं, पुढ्यात दुसरा धंदा नव्हता. त्या दोन वर्षांतल्या त्यांच्या मनःस्थितीबद्दल मी कल्पना लढवणार नाही. एवढं मात्र कुणालाही समजेल की, गवयाचा गळा जाणं हा नुसता आजार नसतो. ज्या नावाने लोक त्याला ओळखतात ते नावच जातं.

आवाज परत आला, तो वेगळा होऊन. पूर्वीचा हलका, फिरता, गोड गळा गेला आणि त्या जागी जरा जाड, खरखरीत आवाज आला. इथे दोन रस्ते होते. जुना आवाज परत यावा म्हणून झुरत बसायचं, किंवा गाणंच सोडायचं. खांसाहेबांनी तिसरा धरला. जो आवाज उरला आहे त्याला शोभेल, त्याला झेपेल आणि त्यातूनच वजन मिळवेल असं गाणं त्यांनी बांधायला घेतलं.

जयपूर-अतरौली घराण्याची गायकी म्हणून आज जी ओळखली जाते, तिची लक्षणं या नजरेने पाहिली तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. या गायकीत आवाजाच्या गोडव्यावर सगळा भार टाकलेला नसतो. भार असतो लयीवर. लय फार विलंबित नाही, मध्यमाकडे झुकलेली. मात्रेच्या पोटात शिरून, तिचे बारीक भाग करून सूर गुंफलेले. आलाप आणि तान यांच्यात भिंत नाही, एकातून दुसरं निघत जातं. तान सरळ धावत नाही, वळणं घेत, एकमेकांत अडकलेल्या कड्यांसारखी जाते. सरगमेचा सोस नाही, खुला आकार. आणि रागही बहुतेक वेळा जोड, अनवट. संपूर्ण मालकंस, बसंती केदार, सावनी, खोकर, नट कामोद, रायसा कानडा असे. अशा रागात दोन रागांची वाट सांभाळत चालावं लागतं. ऐकणाऱ्याचं लक्ष गळ्याच्या पोताकडून बांधणीकडे जातं.

हे सगळं एका अपघातातून जन्मलं असं म्हणणं चूक ठरेल. घरात धृपदाची शिस्त होतीच. जयपूरचे मुबारक अली खां यांच्या पेचदार फिरतीचा खांसाहेबांवर खोल ठसा होता, हेही सांगितलं जातं. पण जवळ असलेल्या अनेक गोष्टींतून नेमकं काय उचलायचं, हे त्या बदललेल्या गळ्याने ठरवलं, असं मला वाटतं. आवाज शाबूत राहिला असता तर खांसाहेब मोठे गवई झालेच असते. नवी गायकी उभी करण्याची गरज मात्र त्यांना कदाचित पडली नसती.

इथे भावनांवरचा ताबा हा शब्द जरा नीट समजून घेता येतो. दुःख झालं नाही असं दाखवणं म्हणजे ताबा नव्हे. ‘मी आता तसा गाऊ शकत नाही’ हे कबूल करणं, आणि ते कबूल केल्यावरही रोज तंबोरा जुळवणं, हा तो ताबा. यातली पहिली गोष्ट फार अवघड आहे. आपल्यापैकी बरेच जण जुन्या ताकदीच्या हिशेबाने नवं काम अंगावर घेत राहतात आणि पुन्हा पुन्हा तोंडघशी पडतात.

कोल्हापूरची नोकरी

पण गोष्ट इथे संपवली तर ती त्या प्रशिक्षकाच्या गोष्टीसारखीच होईल: माणसाने मनावर घेतलं आणि तो उभा राहिला. खरा इतिहास तेवढाच नाही. 1895 साली खांसाहेब कोल्हापुरात आले आणि दरबार गवई झाले. शाहू महाराजांनी आदल्याच वर्षी राज्यकारभार हाती घेतला होता. तेव्हापासून 1922 मध्ये महाराजांचं निधन होईपर्यंत, सत्तावीस वर्षं, खांसाहेब कोल्हापूरचे होते.

या सत्तावीस वर्षांचं मोल मोठं आहे. आवाज जाऊन आलेल्या, वेगळंच काहीतरी गाणाऱ्या, चाळिशीतल्या गवयाला एका जागी स्थिर आसरा मिळाला. रोज नव्या धन्याला खूश करण्याची धडपड संपली. अनवट रागांची ही गायकी पहिल्या बैठकीत टाळ्या घेणारी नव्हे. ती मुरायला वेळ लागतो, आणि वेळ हा पगारातून येतो. मुलं इथे वाढली. बदरुद्दीन म्हणजे मंजी खां आणि शमसुद्दीन म्हणजे भुर्जी खां गवई म्हणून इथेच घडले. धाकटे बंधू हैदर खांही गाण्यात होतेच.

शाहू महाराजांचा स्वतःचा ओढा गाण्यापेक्षा कुस्तीकडे अधिक, हे सगळ्यांना माहीत आहे. 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं जुनं क्रीडागार पाहिल्यावर खासबागेच्या मैदानाची कल्पना त्यांच्या मनात आली, असं सांगतात. 1912 मध्ये ते मैदान खुलं झालं. त्याला लागूनच पॅलेस थिएटर, आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, उभं राहिलं. गायन समाज देवल क्लब तर 1883 पासूनचा. म्हणजे पैलवान, नट आणि गवई, तिघांनाही या शहरात नोकरी होती आणि जाणता प्रेक्षकही होता. त्याच राजाने 1906 मध्ये मुस्लीम बोर्डिंग सुरू केलं, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मला त्या बोर्डिंगच्या शेजारी खांसाहेबांची नोकरी ठेवून पाहावीशी वाटते. दोन्ही ठिकाणी विचार एकच दिसतो. माणसात गुण असेल तर त्याला उभं राहायला जागा द्यायची आणि घाई करायची नाही.

आमलेटा आणि कोल्हापूर हे दोन मालक शेजारी ठेवून बघा. आमलेट्यातही प्रेम होतं आणि कोल्हापुरातही होतं. पहिल्या प्रेमाने माणूस वापरून घेतला. दुसऱ्याने त्याला मुरू दिलं. गवई तोच, मेहनत तीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामातून येणाऱ्या निःशेष थकव्याची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, व्याख्या केली. तिच्यात त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी स्थिती, असं म्हटलं आहे. म्हणजे निम्मा प्रश्न कामगाराच्या मनात आणि निम्मा कामाच्या जागेत. कोल्हापूरच्या इतिहासाला हे शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होतं.

6 मे 1922 ला शाहू महाराज गेले. खांसाहेब तेव्हा सदुसष्टीला आले होते. आश्रयदाता गेला, दरबारातलं पर्व संपलं आणि ते मुंबईला गेले. ज्या वयात माणसं निवृत्त होऊन नातवंडं खेळवतात, त्या वयात त्यांचा उस्ताद म्हणून सगळ्यात मोठा काळ सुरू झाला. केसरबाई केरकर 1921 पासून त्यांच्याकडे शिकू लागल्या होत्या, त्या त्यांच्या अखेरपर्यंत शिकत राहिल्या. 1977 मध्ये अमेरिकेने अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत हिंदुस्थानातलं जे गाणं आहे, ते केसरबाईंची भैरवी. खांसाहेबांचा आवाज पृथ्वीवर कुठे नाही, पण त्यांच्या तालमीत घडलेला गळा सूर्यमालेच्या पलीकडे निघून गेला आहे.

1937 मध्ये मंजी खां गेले. ऐंशी ओलांडलेल्या बापाला कर्तबगार मुलाला माती द्यावी लागली. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर तेव्हा मंजी खांकडे शिकत होते आणि गुरू गेल्याने अर्ध्या वाटेवर उभे होते. खांसाहेबांनी त्यांना भुर्जी खांच्या हवाली केलं. मन्सूरांचं गाणं ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना त्या एका निर्णयाची किंमत कळेल. घरात मरण झालेलं असताना, दुसऱ्याच्या मुलाची तालीम तुटू नये याचं भान त्या म्हाताऱ्या माणसाला राहिलं.

मोगूबाईंची बाजू

खांसाहेबांना देवत्व देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्याच शिष्येची एक हकीकत याच विषयातली आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही.

मोगूबाई कुर्डीकर गोव्यातल्या कुर्डीच्या. दहा वर्षांच्या असताना आई गेली. नाटक कंपन्यांतून कामं करत गाणं शिकल्या. पुढे सांगलीत असताना त्यांचा रियाज औषधोपचारासाठी आलेल्या अल्लादिया खांच्या कानावर पडला आणि त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. खांसाहेब मुंबईला गेले, तशा त्याही मागोमाग गेल्या. मग दुसऱ्या शिष्यांच्या धनिक पाठीराख्यांचा दबाव आला आणि त्यांची तालीम बंद पडली. त्या आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, मग हैदर खांकडे शिकल्या, आणि अखेर 1934 मध्ये अल्लादिया खांकडून त्यांना रीतसर गंडा बांधून मिळाला.

हिशेब करा. पहिल्या ओळखीपासून गंड्यापर्यंत दहाहून अधिक वर्षं गेली. दोष त्यांचा नव्हता, गुण कमी नव्हता, आणि तरी दार बंद झालं. ज्या माणसाला आमलेट्यात धन्याच्या मर्जीने आवाज गमवावा लागला होता, तोच माणूस मुंबईत पैसेवाल्यांच्या मर्जीपुढे वाकला. बाईंनी गुरूबद्दलचा आदर सोडला नाही आणि शिकणंही थांबवलं नाही. एक दार बंद झालं तर दुसऱ्या दाराशी बसून रियाज चालू ठेवला. पुढे मुलगी किशोरी आमोणकर यांना त्यांनी जे दिलं, ते जगाने ऐकलं आहे. पण मोगूबाईंच्या चिवटपणाचे गोडवे गाताना, ही दहा वर्षं त्यांना मुळात मोजावीच का लागली, हा प्रश्न गिळून टाकू नये. चिवटपणाची तारीफ कधी कधी अन्यायावर पांघरूण घालते.

सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

आपल्या घरांमध्ये या सगळ्यासाठी एक शब्द आहे: सब्र. नोकरी गेली, सब्र कर. साहेब बोलला, सब्र कर. इतक्या वेळा वापरून आपण त्याचा अर्थ ‘गप्प बस’ असा करून टाकला आहे.

अरबीत या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणं, बांधून ठेवणं हा अर्थ आहे. लगाम धरण्यासारखा. लगाम घोड्याला थांबवतो तसा वाटेवरही ठेवतो. कुरआनात सब्र आणि नमाज यांचा आधार घ्यायला एका दमात सांगितलं आहे. नमाज ही कृती आहे. तिच्या जोडीला आलेला सब्रही कृतीच असणार. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब मुलाच्या विरहात सुंदर सब्र राखण्याचं बोलतात, आणि त्याच सूरहमध्ये रडून रडून त्यांचे डोळे पांढरे पडल्याचंही येतं. म्हणजे सब्र करणारा रडतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा तेही रडले. डोळे पाझरतात, मन दुखतं, पण जिभेवर रबला न आवडणारा शब्द येऊ देत नाही, अशा आशयाचं ते बोलले. लगाम जिभेला होता, अश्रूंना नव्हता.

कोल्हापूरकराला आवडेल अशी एक हदीसही आहे. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा खरा बलवान नाही, राग आला असता स्वतःला आवरतो तो बलवान, असा तिचा भाव. खासबागेच्या मातीत घाम गाळलेल्या वस्तादांनाही हे वेगळं सांगावं लागत नाही. डोकं फिरलेला पैलवान डाव विसरतो, हे तालमीतलं पोरही जाणतं. राग आला तर उभा असशील तर बस, बसूनही गेला नाही तर आडवा हो, ही दुसरी हदीस तर अगदी शरीरापासून सुरू होते. आजचे मानसतज्ज्ञ भावनेला शरीरातून उतरवायला सांगतात, ते याहून फार वेगळं नाही.

या परंपरेत नुसता उपदेश नाही, वैद्यकही आहे. बल्खचे अबू झैद अल-बल्खी, मृत्यू 934. त्यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. मनाच्या भागात राग, भीती, दुःख आणि छळणारे विचार यांची वेगवेगळी चर्चा केली. त्यांचा एक सल्ला मला फार व्यवहारी वाटतो. घरात जशी औषधं आधीच आणून ठेवतो, तसे बरे विचार मन शांत असताना जमवून ठेवावेत, म्हणजे संकटाच्या वेळी शोधाशोध होत नाही. वादळात छप्पर शाकारता येत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. खांसाहेबांना दोन वर्षांच्या त्या काळात जे उपयोगी पडलं, ते लहानपणापासूनच्या तालमीत साठवलेलं होतं. गळा गेला तरी राग आणि बंदिशी डोक्यात शाबूत होत्या.

आजचं कोल्हापूर

आता जे लिहायचं आहे, त्यासाठीच मी हा विषय घेतला.

7 जून 2023 ला कोल्हापुरात काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. मोबाइलवरच्या स्टेटसचं निमित्त, बंदची हाक, दगडफेक, फुटलेली दुकानं. पुढच्या वर्षी 14 जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची नासधूस झाली. या घटनांची राजकीय चिरफाड बऱ्याच जणांनी केली आहे. मी त्यानंतरच्या कामाच्या दिवसाबद्दल बोलतो आहे. अशा घटनेनंतर आपली मुलं-मुली बँकेत, शाळेत, दवाखान्यात, फौंड्रीत, दुकानाच्या काउंटरवर परत जातात. निघताना घरून एकच सूचना असते: कुणाच्या तोंडी लागू नको. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीतरी आलेलं असतं. ते वाचलंच नाही असा चेहरा करावा लागतो. कुणी गमतीत काही बोललं तर त्याच्याबरोबर हसावं लागतं. आणि दिवसाचं काम वेगळं करायचंच असतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या परिचारिकांवर पुस्तक लिहिलं. चेहऱ्यावर हसू ठेवणं, आतलं दाबून टाकणं, हेही श्रमच आहेत आणि पगारात ते मोजले जात नाहीत, असं त्यांनी मांडलं. भावनांचे श्रम. आपल्या पोरांना हे श्रम दुप्पट करावे लागतात. दलित सहकाऱ्याला, कचेरीतल्या एकट्या बाईला हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही, त्यांनी तो आपल्याआधीपासून घेतलेला आहे. आणि याला सब्र म्हणून आपण त्यांना शाबासकी देतो. हा सब्र नाही. हे आमलेट्यातलं गाणं आहे, गळा बसेपर्यंत चाललेलं.

खांसाहेबांच्या चरित्रातून मला या मुलांसाठी तीन गोष्टी दिसतात.

पहिली, थांबणं. गळा बसला असताना ओरडून गाणारा गवई कायमचा गळा घालवतो. अपमान ताजा असताना त्याच क्षणी त्याच ग्रुपवर उत्तर देणं जसं घातक, तसंच काही झालं नाही म्हणून लगेच हसत सुटणंही घातक. उठून बाहेर जावं. वुजू करावा, पाणी प्यावं. एका माणसाला तरी खरं सांगावं, आणि तो माणूस आपल्याच समाजातला असला पाहिजे असं नाही. मंजी खां आणि भुर्जी खां यांच्याकडून मिळालेलं मन्सूरांनी जन्मभर गायलं. भुर्जी खांकडे कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. या शहरात असे धागे पुष्कळ आहेत आणि कार्यालयातही एखादा तरी सापडतो.

दुसरी, उरलेल्या आवाजाची ओळख. परिस्थिती बदलली, पूर्वीचा मोकळेपणा राहिला नाही, हे मान्य करायला त्रास होतो. पण ते मान्य करूनही काम उत्तम करता येतं आणि आपलं म्हणणं मांडताही येतं. कदाचित पूर्वीसारखं चढ्या सुरात नाही. लेखी, तारीख-वारासह, शांत भाषेत, संबंधित वरिष्ठाकडे. बांधणी पक्की असेल तर आवाज खरखरीत असला तरी चालतो.

तिसरी गोष्ट कामगारासाठी नाही, मालकासाठी आहे. ज्या शहरात शाहू महाराजांचं नाव प्रत्येक भाषणात येतं, तिथल्या संस्थाचालकांनी, उद्योजकांनी, शाळांच्या मुख्याध्यापकांनी स्वतःला विचारावं: आपली जागा आमलेट्यासारखी आहे की कोल्हापूरसारखी? व्हॉट्सॲप ग्रुपवर विष पसरत असेल तर ते थांबवणं हे प्रशासकाचं काम आहे, टोमणे खाणाऱ्याच्या सब्राचं नाही. श्वास कसा घ्यावा हे शिकवायला माणूस बोलावण्याआधी खोलीतला धूर कुठून येतो ते पाहावं.

अल्लादिया खां दोन वर्षं धड गाऊ शकले नाहीत, आणि नंतर पन्नासहून अधिक वर्षं संगीतात राहिले. त्यातली सत्तावीस इथे, या शहराच्या पगारावर. त्या दोन वर्षांतला सब्र त्यांचा होता. पुढच्या सत्तावीस वर्षांत तो या शहराचाही होता. कामावर रोज तोंड बंद ठेवून परतणाऱ्या आपल्या पोरांना आपण फक्त पहिला शिकवतो आहोत. दुसरा मागण्याचा हक्कही त्यांचा आहे, हेही त्यांना सांगायला हवं.